नादारीचा अर्ज: सीमाभागातील कर्जदार आणि १९२० चा कायदा

कर्ज फेडता न येण्याच्या अवस्थेला मराठीत दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ एक नाहीत. ‘दिवाळे’ हा बाजारपेठेचा शब्द आहे; देणी भागवता येत नाहीत असे जाहीर करणारा व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, त्यावरून तो आला असे परंपरेने सांगितले जाते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे, कारण कन्नडमध्ये ‘दिवाळी’ म्हणजे सण नव्हे, तर व्यवहारात बुडालेला माणूस, आणि ‘दिवाळीतन’ म्हणजे त्याची ती स्थिती. ‘नादार’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा अर्थ ‘ज्याच्यापाशी काही नाही तो’ एवढाच आहे, आणि कोर्टकचेरीच्या मराठीत हाच शब्द रुजला. अमक्याने दिवाळे काढले असे बोलणाऱ्याच्या मनात बहुधा लबाडीचा संशय असतो. नादार ठरणे हा मात्र न्यायालयाचा हुकूम असतो, आणि तो कर्जदाराने स्वतः मागितलेलाही असू शकतो. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला ‘नादारीने दावा लावणे’ हा वाक्प्रचार याहून वेगळा आहे, कारण त्यात कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेला माणूस फीशिवाय दावा चालवण्याची परवानगी मागतो आणि त्याच्या कर्जाचा तेथे संबंध येत नाही.

हे शब्द आधी स्वच्छ करून घेण्याचे कारण असे की, देण्यात बुडालेली माणसे गाव सोडतात, जमीन मेहुण्याच्या नावावर करतात, एका सावकाराचे भागवण्यासाठी दुसऱ्याकडून चढ्या व्याजाने उचलतात. पण नादारीचा अर्ज करत नाहीत, कारण अर्ज करणे म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे असे त्यांना वाटते. कायदा या गोष्टींकडे नेमक्या उलट बाजूने पाहतो, आणि सीमाभागातील कर्जदाराने ती बाजू समजून घेणे निकडीचे आहे.

सर्वप्रथम कोणाला कोणता कायदा लागू होतो ते पाहावे लागते. २०१६ मध्ये संसदेने नादारी आणि दिवाळखोरी संहिता मंजूर केली आणि तिचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते, पण ती आज प्रामुख्याने कंपन्यांसाठी चालते. बेळगावच्या उद्यमबागेतील एखादा फाउंड्री कारखाना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि त्याने किमान १ कोटी रुपयांची देणी थकवली असतील, तर त्याचे प्रकरण या संहितेखाली बेंगळुरूच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाते. सहकारी पतसंस्था, मग ती राज्याच्या सहकार कायद्याखालची असो, बहुराज्य असो वा कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखालील ‘सौहार्द’ असो, बुडाली तर सहकार खात्याच्या निबंधकामार्फत तिचे विसर्जन होते. शिवाय बँकेतील ठेवीला असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते, हे ठेवीदाराच्या ध्यानात बहुतेक वेळा संस्था बंद पडल्यावरच येते. राहिला तो साधा माणूस: खासबाग-वडगावचा विणकर, निपाणीचा तंबाखू व्यापारी, चिकोडीचा शेतकरी किंवा दोन भावांची भागीदारी पेढी. अशांसाठी २०१६ च्या संहितेत स्वतंत्र भाग लिहिलेला आहे, परंतु कंपनीच्या कर्जाला व्यक्तिगत हमी देणाऱ्यांपुरता तो १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला आणि इतरांसाठी अद्याप आलेला नाही. त्यामुळे त्यांना लागू होतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, जो मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन महानगरे वगळून ब्रिटिश हिंदुस्थानासाठी करण्यात आला होता. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, न्यायालयाची भाषा बदलली, पण बुडालेल्या माणसाचा कायदा तोच राहिला.

या प्रदेशाचे कर्ज कसे वाढते हे निपाणीच्या तंबाखूवरून चांगले कळते. विडीच्या तंबाखूचा व्यवहार पूर्वापार उधारीवर चालत आला: शेतकरी माल व्यापाऱ्याच्या वखारीत टाकतो, व्यापारी विडी कारखानदाराकडून पैसे येईपर्यंत शेतकऱ्याला थांबवतो, आणि मधल्या काळात शेतकरी बी-खताचे, लग्नाचे, दवाखान्याचे पैसे दुसरीकडून उचलतो. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले, तेव्हा भावाचा प्रश्न देशापुढे आला. पण त्याच्या मुळाशी असलेली उधारीची साखळी तेवढी चर्चेत आली नाही. या साखळीत एक कडी तुटली की तिच्यावर टांगलेले सगळे खाली येतात. व्यापारी नादार ठरला, तर त्याचे धनको, म्हणजे ज्यांचे देणे आहे ते, बहुतांशी शेतकरी आणि वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया असतात. म्हणून नादारीचा कायदा जितका ऋणकोने, म्हणजे कर्जदाराने, समजून घ्यावा तितकाच धनकोनेही घ्यावा.

कोणीही केवळ गरीब आहे म्हणून नादार ठरत नाही. कायद्याने काही कृत्ये सांगितली आहेत, त्यांना ‘नादारीची कृत्ये’ म्हणतात, आणि त्यांपैकी एखादे घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत धनको स्वतःहून अर्ज करू शकतो. धनकोंना चुकवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, देणी थांबवल्याची सूचना देणे, पैशाच्या हुकूमनाम्यापोटी मालमत्तेची विक्री होणे ही त्यांतली काही. आणि सीमाभागाच्या दृष्टीने सर्वांत बोलके कृत्य म्हणजे धनकोंना टाळण्यासाठी राहते घर किंवा धंद्याची जागा सोडून जाणे अथवा कोणाला भेटता येऊ नये अशा रीतीने दडून बसणे. निपाणीहून निघून कोगनोळीचा नाका ओलांडला आणि दूधगंगेपलीकडे कागलला भाड्याची खोली घेतली की कर्नाटकातील वसुली मागे राहिली, असा समज अनेकांचा असतो, आणि कोल्हापूर किंवा इचलकरंजीच्या धनकोला वाटते की आपला ऋणको कर्नाटकात गेला, आता पैसे बुडाले. दोन्ही समज चुकीचे आहेत. एका राज्यातील दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा दुसऱ्या राज्यातील न्यायालयाकडे बजावणीसाठी पाठवता येतो, आणि नाका ओलांडून पळणे हेच त्या माणसाविरुद्ध नादारीचा अर्ज करायला पुरेसे कारण ठरू शकते.

ऋणकोला स्वतः अर्ज करायचा असेल तर त्याला देणी फेडता येत नाहीत, एवढ्याबरोबरच तीनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते: त्याची देणी ५०० रुपये किंवा अधिक आहेत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी त्याला अटक झालेली आहे, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्ती आहे. ५०० रुपयांचा हा आकडा १९२० सालचा आहे. तेव्हा ती लहान रक्कम नव्हती, आज ती अट जवळजवळ प्रत्येक कर्जदार पुरी करतो. अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या त्याखालच्या न्यायालयात, जेथे ऋणको राहतो किंवा धंदा करतो तेथे करायचा असतो, आणि एकदा केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

अर्जाचा खरा भार त्यातील दोन याद्यांवर असतो. पहिलीत प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम. दुसरीत स्वतःची प्रत्येक मालमत्ता, ती कोठे आहे आणि तिची किंमत काय. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिल्या यादीत बँक आणि सोसायटी लगेच येतात, पण गल्लीतील भिशीचे उचललेले दोन हप्ते, मामाकडून घेतलेले हातउसने, किराणा दुकानदाराच्या वहीतील उधारी, वखारीतील बायांची थकलेली मजुरी आणि जमीनदार शेजाऱ्याला कोऱ्या मुद्रांकावर सही करून दिलेली रक्कम मागे राहते. दुसऱ्या यादीत घर आणि शेत येते, पण इतरांकडून येणे असलेले पैसे, दुसऱ्या गावातील वडिलोपार्जित वाटा, विम्याची पॉलिसी, गहाण टाकलेले सोने यांचा विसर पडतो किंवा पाडला जातो. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि खतावणी, म्हणजे माणसामाणसाच्या नावाचे खाते, या दोन्ही वह्या न्यायालयापुढे ठेवाव्या लागतात, आणि त्या मराठीत असतील तर कन्नड किंवा इंग्रजीत चालणाऱ्या कामासाठी त्यांचा अनुवाद करून घ्यावा लागतो. मालमत्ता जाणूनबुजून लपवली किंवा वह्या नष्ट केल्या तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. या याद्यांचे महत्त्व शिक्षेपेक्षा मोठे आहे, कारण आयुष्यात पहिल्यांदा सगळी देणी एका कागदावर एकाखाली एक उतरतात, आणि आजवर प्रत्येक धनकोला वेगवेगळे सांगून वेळ मारून नेणाऱ्या माणसाला तसे करण्याची गरज उरत नाही.

सर्वस्व द्यावे लागते, याचा अर्थ अंगावरचे कपडेही जातात असा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ज्या वस्तूंना जप्तीपासून संरक्षण दिले आहे त्या नादारीतही सुरक्षित राहतात: आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे दागिने, ज्यात मंगळसूत्र येते, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती लागणारी जनावरे आणि बियाणे, तसेच शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घर. शेतजमीन मात्र या यादीत नाही. हातमाग हे विणकराचे हत्यार म्हणता येते; दहा-बारा यंत्रमागांच्या शेडला तीच सवलत मिळेल असे गृहीत धरून चालता येत नाही.

नुसता अर्ज दाखल केल्याने वसुली थांबत नाही, ही गोष्ट वकिलाच्या पहिल्या भेटीतच स्पष्ट व्हायला हवी. न्यायालय धनकोंना नोटीस देते, त्यांचे म्हणणे ऐकते आणि मग नादार ठरवणारा हुकूम करते. तो राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्या हुकमाने ऋणकोची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय वेगळी वसुली करता येत नाही. अपवाद एकच, पण मोठा: ज्याच्याकडे गहाण आहे तो धनको आपले तारण विकून आपले पैसे घेऊ शकतो, त्याला कोणी अडवत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडला तर हे लक्षात येईल. एका व्यापाऱ्याची वखार ८ लाखांची असून तिच्यावर बँकेचे ६ लाखांचे गहाणखत आहे. बँकेने आपले ६ लाख घेतले की २ लाख उरतात. गाडीचे दीड लाख आणि येणे वसूल होऊन आलेले दीड लाख धरून एकूण ५ लाख जमतात, ज्यातून रिसीव्हरचा खर्च आणि सरकारी देणे मिळून १ लाख वजा होते. उरलेले ४ लाख वाटायचे आहेत आणि मागणारे आहेत १६ लाखांचे: शेतकरी १० लाख, सोसायटी ४ लाख, हातउसने देणारे २ लाख. प्रत्येकाला रुपयामागे २५ पैसे मिळतील. ज्या शेतकऱ्याचे तंबाखूचे ८०,००० अडकले आहेत त्याच्या हाती २०,००० येतील. जो सर्वांत आधी दारात येऊन ओरडला किंवा ज्याचा पुतण्या पुढारी आहे त्यालाही २५ पैसेच, आणि हा सारखेपणा हाच या कायद्याचा गाभा आहे. म्हणूनच अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या जवळच्या धनकोला झुकते माप देऊन केलेली फेड, आणि आधीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय कोणाच्या नावावर केलेली मालमत्ता, न्यायालय रद्द ठरवू शकते. मेहुण्याच्या नावावर केलेली जमीन अशा वेळी परत येते.

वाटपात काही देण्यांना अग्रक्रम असतो, आणि येथेच कायद्याचे वय उघडे पडते. सरकार आणि स्थानिक संस्थांच्या करांबरोबर नोकर आणि मजुरांच्या मागील चार महिन्यांच्या पगारालाही प्राधान्य आहे, मात्र मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा माणशी २० रुपये आहे. १९२० मध्ये २० रुपये हा मजुराच्या महिन्याच्या कमाईच्या आसपासचा आकडा असेल. आज वखारीतील बाईला एका पाळीसाठी त्याहून कितीतरी जास्त मिळतात, तरी तिची थकलेली मजुरी या २० रुपयांपलीकडे सोसायटीच्या आणि हातउसन्यांच्या रांगेत जाऊन बसते. २०१६ च्या संहितेने कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी तारणधारकांच्या बरोबरीने वर ठेवली आहेत, पण तो भाग अशा व्यक्तींसाठी अमलात नाही. शंभर वर्षांत ही एक ओळ कोणी बदलली नाही, हा अन्याय साधा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

नादार ठरणे हा शेवट नसतो. न्यायालय मुदत घालून देते आणि तेवढ्यात ऋणकोने ‘मोकळीक’ मागावी लागते, म्हणजे उरलेल्या देण्यांतून मुक्त करण्याचा हुकूम. मुदतीत न मागितल्यास नादारीच रद्द होऊ शकते आणि धनको पुन्हा दारात उभे राहतात. मोकळीक मिळेपर्यंत त्याने मिळवलेली किंवा वारशाने आलेली नवी मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधार घेणे हा गुन्हा ठरतो, आणि त्याला नगरपालिका, विधानसभा किंवा लोकसभेवर निवडून येता येत नाही. तारण नसलेल्या देण्यांवर रुपयामागे आठ आणेही निघत नसतील तर न्यायालय विनाअट मोकळीक देत नाही, मात्र ज्या परिस्थितीला आपण जबाबदार नाही तिच्यामुळे हे झाले असे ऋणकोने पटवून दिले तर ती मिळू शकते. वरच्या हिशेबातील २५ पैशांच्या व्यापाऱ्याला म्हणूनच पुरामुळे वखार भिजली की सट्ट्यात पैसे गेले, याचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर त्याच्या कीर्दीत सापडले पाहिजे. वह्या न ठेवणे, बुडत असल्याचे कळूनही धंदा चालू ठेवणे, उधळपट्टी, जुगार या गोष्टी त्याच्याविरुद्ध जातात. मोकळीक मिळाली तरी सरकारी देणे, फसवणुकीने घेतलेले पैसे आणि पत्नी-मुलांची पोटगी यांतून सुटका होत नाही.

सुटका होत नाही ती आणखी एकाची: जामीनदाराची. सीमाभागातील सोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि ते बहुधा शेजारी, सहकारी किंवा भावकीतले असतात, ज्यांनी चहा पिता पिता सही केलेली असते. मूळ ऋणकोला मिळालेली मोकळीक जामीनदाराला मिळत नाही. संस्था उरलेली रक्कम त्याच्याकडून मागू शकते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी जामीनदारांना विश्वासात घेणे माणुसकीलाही धरून आहे आणि व्यवहारालाही. वडिलांच्या कर्जापायी मुलाची जमीन जाण्याची भीती मात्र काहीशी कमी झाली आहे, कारण ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलगा, नातू बांधील राहत नाही.

तुरुंगाच्या भीतीबद्दलही बोलणे आवश्यक आहे, कारण वसुलीवाले तिचाच जास्तीत जास्त उपयोग करतात. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी दिवाणी तुरुंगवास कायद्यात आहे, पण तो तीन महिन्यांहून जास्त नाही, २००० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी मुळीच नाही, आणि ऐपत असून देत नाही असे सिद्ध झाले तरच. नुसत्या गरिबीपायी माणसाला आत टाकता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात ठरवले. अटक झालेल्याला ‘तू नादारीचा अर्ज करू शकतोस’ असे न्यायालयानेच सांगायचे असते. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही, आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यासाठी दारात बसलेल्या माणसाने अटकेची धमकी दिली तर त्या धमकीला कायद्याचा आधार नसतो. नोंदणी नसलेल्या सावकारांच्या आणि अशा जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढून १० वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूदही केली आहे.

अशाच लहान कर्जदारांसाठी २०१६ च्या संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रिया लिहून ठेवलेली आहे. वर्षाचे उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज तीत लिलावाशिवाय माफ होऊ शकते. निपाणीच्या पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहून विड्या वळणाऱ्या बाईचे वर्णन करून ही कलमे लिहिली असावीत इतकी ती तिला लागू पडतात. ती अमलात येतील त्या दिवशी अशा प्रकरणांचा अधिकार कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाईल, जे कर्नाटकात बेंगळुरूला आहे, म्हणजे निपाणीपासून ५०० किलोमीटरहून दूर. म्हणून ही कलमे अमलात आणताना सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत होईल अशी तरतूद त्यांच्यासोबतच करावी लागेल. तोपर्यंत त्या बाईसाठी उघडे असलेले दार बेळगावच्या जिल्हा न्यायालयाचे, आणि त्यावरचे अपील उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे.